परदेशी कंपनीची करनिर्धारणा: आधी मसुदा हातात घ्या

तुम्ही नुकतेच मुंबईत परदेशी कंपन्यांच्या कामाला लागला आहात, म्हणून आधी आयकर कायदा, १९६१ चे कलम १४४सी नीट वाचा, असे कळकळीने सांगतो. २००९ साली आलेल्या या कलमानुसार परदेशी कंपनीच्या करनिर्धारणेत तिला बाधक ठरेल असा बदल करायचा असल्यास निर्धारण अधिकाऱ्याने, म्हणजे कर ठरवणाऱ्या आयकर अधिकाऱ्याने, प्रथम आदेशाचा मसुदा पाठवला पाहिजे. मसुदा न देता थेट अंतिम आदेश आणि कलम १५६ ची कर भरण्याची मागणी नोटीस आली, तर तो आदेश टिकत नाही, असे आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले आहे. त्यामुळे लिफाफा उघडताच शीर्षक आणि सोबतची कागदपत्रे तपासा.

मसुदा मिळाल्या दिवसापासून ३० दिवस मोजा. या अवधीत विवाद निवारण मंडळाकडे (मसुद्यावरील हरकती ऐकणारे आयकर खात्याचे मंडळ, DRP) नमुना ३५ए मध्ये हरकती दाखल कराव्या लागतात, आणि त्यांची प्रत निर्धारण अधिकाऱ्याकडेही त्याच मुदतीत पोहोचावी लागते. नवखी माणसे नेमकी इथेच चुकतात: मंडळाची पोच जपतात, पण अधिकाऱ्याला हरकतींची खबरच नसल्याने तो मुदत संपताच मसुद्याप्रमाणे अंतिम आदेश काढतो. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर दोन्ही पोच शेजारी शेजारी टाचलेल्या असतात. तुम्हीही तसेच करा.

मंडळाला निर्देशांसाठी नऊ महिने मिळतात. ते निर्देश अधिकाऱ्यावर बंधनकारक असतात, आणि त्यांनुसार निघालेल्या अंतिम आदेशाविरुद्धचे अपील थेट आयकर अपील न्यायाधिकरणाकडे (ITAT) जाते.