रोज बायबल वाचूनही विश्वास वाढत नाही, देवाची ओळख वाढवायची कशी?

रोजच्या अध्यायांची संख्या कमी करा, नव्या करारातलं एकच छोटं पत्र महिनाभर वाचा आणि वाचलेलं त्याच दिवशी वागण्यात आणा. कलस्सैकरांस पत्रापासून सुरुवात करा. चारच अध्याय आहेत, चहा निवायच्या आत एक होतो. त्यातल्या 1:9-10 मध्ये (अध्याय 1, वचनं 9-10) प्रेषित पौलाची प्रार्थना आहे. आधी देवाच्या इच्छेचं ज्ञान, मग प्रभूला शोभेल असं वागणं, आणि त्या वागण्यातून पुन्हा देवाच्या ज्ञानात वाढ. आपण बहुतेक जण मधलं वागणं गाळतो आणि नवं भाष्य विकत आणतो! मूळ ग्रीक शब्द ‘एपिग्नोसिस’ आहे, म्हणजे नुसती माहिती नव्हे, नीट झालेली ओळख. करून बघायला 4:6 घ्या: बोलणं कृपायुक्त, मिठाने रुचकर केल्यासारखं असावं. ते दिवसभर घरच्यांशी बोलताना पाळून बघा, संध्याकाळी प्रार्थनेत काय मागायचं ते आपोआप कळतं.

मात्र कोरडेपणा दुःखामुळे किंवा आजारपणामुळे आला असेल तर हा उपाय लादून घेऊ नका. तेव्हा स्तोत्र 88 वाचा, ते अंधारातच संपतं. आणि पाळकांशी किंवा फादरांशी बोला.