लॅब्राडॉरचा लठ्ठपणा रक्ततपासणीत आधी कळतो का?

फोंड्याच्या ताईंनी विचारलंय की त्यांच्या चार वर्षांच्या लॅब्राडॉर मादीचं वजन नसबंदीनंतर वाढतंय, तर ‘लेप्टिन’ची तपासणी करून लठ्ठपणा वेळेत पकडता येईल का?

ताई, नुसता लठ्ठपणा ओळखायला रक्त काढू नका. रक्त काढायचंच, पण वेगळ्या कारणासाठी.

लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवणारं संप्रेरक. कुत्र्याची चरबी वाढली की रक्तातलं लेप्टिनही वाढतं, हे खरं. पण आधी चरबी साठते, मग ते वाढतं. शिवाय नुसतं जेवण झालं तरी ते चढतं. चरबीतूनच स्रवणाऱ्या अॅडिपोनेक्टिन या संप्रेरकाचं नावही वाचलं असेल. माणसात लठ्ठपणाबरोबर ते घटतं, कुत्र्यांच्या बाबतीत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष आपसात जुळत नाहीत. सीआरपी हा रक्तातल्या एका प्रथिनाचा आकडा शरीरातली सूज दाखवतो, पण आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडांचा सुळसुळाट असतो, त्यामुळे तो वाढलेला दिसला की मला आधी गोचीडतापाची शंका येते.

तुमचा हात यापेक्षा लवकर सांगतो. मूठ वळा आणि बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्री फार बारीक. पंजा सरळ करून मागच्या बाजूने बोट फिरवा; तशा लागल्या तर उत्तम. तळव्याच्या बाजूने चाचपल्यासारख्या, म्हणजे दाबल्यावरच, लागल्या तर वजन जास्त. मग वरून कंबर दिसते का पाहा. डॉक्टर याच पद्धतीने ९ पैकी गुण देतात, ४-५ योग्य. दर पंधरवड्याला त्याच काट्यावर वजन करा.

आता रक्त कशासाठी? खाणं तेवढंच असून वजन चढतंय, कुत्री सुस्त झालीय, केस विरळ होताहेत, असं असेल तर थायरॉइड बघायलाच हवं. नुसता टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) करू नका. दुसऱ्या कुठल्याही आजारात तो खाली येतो, म्हणून सोबत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) हवा. पाणी फार पीत असेल, पोट लोंबत असेल, तर कुशिंगचाही, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल वाढण्याच्या आजाराचाही, विचार होतो. ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल मात्र १२ तास उपाशी ठेवूनच. नाहीतर आकडे फसवतात. ट्रायग्लिसराइड फार चढले तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, आणि ही गोष्ट हाताला कळत नाही.

खरोखर आधी कळण्यासारखं काही असेल तर ते जनुक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळतो, साधारण चारातल्या एकीत. अशी कुत्री सतत भुकेली असते. तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली ती बघत बसते, त्याला घरच्यांनी हट्ट किंवा लाड समजू नये. तिची भूक खरीच असते, आणि म्हणूनच माप आपण ठेवायचं.

नसबंदीनंतर गरज बऱ्यापैकी कमी होते, पण वाटी तीच राहते. त्यात सकाळी पोदेर (पाववाला) आला की अर्धी पोई (गोव्याचा पाव), दुपारी नारळाच्या हुमणाचा (कालवणाचा) भात, संध्याकाळी तळलेल्या बांगड्याचा तुकडा. घरातलं प्रत्येक माणूस थोडंसंच देतं, म्हणून कुणालाच दोष दिसत नाही. एक आठवडा दिलेलं सगळं लिहून काढा. वरचं खाणं दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांत बसलं पाहिजे. वजन आठवड्याला १ ते २ टक्क्यांनी उतरवा, त्याहून घाई नको.

४८ लॅब्राडॉरच्या अभ्यासात (२००२) ज्यांना चौथा हिस्सा कमी अन्न दिलं, त्यांचं मध्यक आयुष्य जवळपास दोन वर्षांनी जास्त भरलं. त्यासाठी एवढी खटपट करावीच.

रिपोर्ट आला की टी-४, टीएसएच आणि ट्रायग्लिसराइड इथे टाका, आणि सध्याचं वजनही.