अमेरिकेत कार्गो पायलट: ओव्हरटाइम कायद्यात नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कार्ड आलं आहे, सध्या मुंबईहून ए320वर फर्स्ट ऑफिसर म्हणून उडता, ठरलेल्या तासांच्या वर उडालात तर ताशी जादा पैसे मिळतात. अमेरिकेत कार्गोमध्ये गेलात तर हे कसं असतं, आणि ड्युटीचं खरंच काही खरं नसतं का?

ओव्हरटाइमबद्दल आधी. आठवड्याला 40 तासांच्या वर दीडपट पगार देणारा 1938चा अमेरिकन कायदा तुम्हाला लागू होत नाही. रेल्वे लेबर ॲक्ट या रेल्वे व विमान कंपन्यांच्या कामगार कायद्याखाली येणारे विमान कंपन्यांचे कर्मचारी ओव्हरटाइमच्या तरतुदीतून वगळलेले आहेत. 2025पासून ओव्हरटाइमच्या कमाईवर आयकरात जी वजावट सुरू झाली, तीही त्याच कायद्याने बंधनकारक असलेल्या ओव्हरटाइमपुरती आहे, त्यामुळे पायलटला मिळणारा प्रीमियम पे तिच्यात बसत नाही. म्हणजे जादा पैसा मिळेल तो फक्त कॉन्ट्रॅक्टमुळे. एचआरचं तोंडी उत्तर पुरेसं धरू नका. तिथल्या पायलटकडून कॉन्ट्रॅक्ट मिळवा आणि पगार व शेड्यूलिंग ही दोन प्रकरणं ओळन् ओळ वाचा.

पगार ‘क्रेडिट’ तासांवर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टनुसार पगारासाठी धरलेल्या तासांवर निघतो. महिन्याची एक गॅरंटी असते, समजा 70 तास. त्याहून कमी उडालात तरी 70 तासांचे पैसे मिळतात. कार्गोत प्रत्यक्ष उड्डाण कमी आणि हॉटेलात थांबणं जास्त, म्हणून ‘ट्रिप रिग’ फार महत्त्वाचा: बेसबाहेर (नेमणुकीच्या विमानतळापासून दूर) गेलेल्या दर काही तासांमागे एक तास क्रेडिट देण्याचा नियम. चार दिवसांची ट्रिप असेल तर बेसबाहेर 96 तास झाले. ब्लॉक टाइम (विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ) भरला फक्त 14. रिग चारास एक असेल तर क्रेडिट 24 तास, रिग नसेल तर 14. दोन कंपन्यांचा ताशी दर सारखा दिसला तरी महिन्याच्या पगारात फरक पडतो तो इथे.

आता नवे लोक हमखास फसतात ती जागा. सुट्टीच्या दिवशी तुम्ही ओपन टाइममधली (कोणालाच न नेमलेल्या ट्रिपांमधली) एक ट्रिप उचलली, दर 150 टक्के. त्या महिन्यात रिझर्व्हवर (बोलावलं की हजर होण्याच्या ड्युटीवर) 52 तास भरले होते आणि ही ट्रिप 10 तासांची. कॉन्ट्रॅक्टमध्ये ती गॅरंटीच्या वर धरली असेल तर हिशेब 70 अधिक 15, म्हणजे 85 तास. ती गॅरंटीतच मुरवली जात असेल तर दीडपटीनेही बेरीज 67च होते आणि हातात येतात तेच 70. सुट्टी गेली, पैसा एक छदाम वाढला नाही. म्हणून प्रीमियमची टक्केवारी नंतर पाहा. ‘गॅरंटीच्या वर’ हे शब्द आधी शोधा. स्वतःहून उचललेली ट्रिप आणि शेड्यूलिंगने सक्तीने दिलेली ट्रिप (याला तिकडे ‘ज्युनिअर मॅन’ करणं म्हणतात) यांचे दर बहुधा वेगळे असतात, तेही तपासा. शिवाय ओपन टाइम कायम मिळेल असं धरून कर्ज काढू नका. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पीकमध्ये तो भरपूर असतो. माल घटला आणि पायलट जास्त झाले की पहिल्यांदा तोच आटतो.

वेळापत्रकाचं उत्तर कंपनीच्या प्रकारावर आहे. फेडएक्सचं मेम्फिस किंवा यूपीएसचं लुइव्हिल अशा हबवर रात्री विमानं उतरतात, सॉर्ट (मालाची वर्गवारी) होतो आणि पहाटे ती पुन्हा निघतात. हे काम रात्रीचं आहे, पण त्याला लय असते. सॉर्ट लांबला किंवा वादळ आलं तर उशीर होतो, एवढंच. ॲटलास, कलिटा अशा, दुसऱ्यांसाठी विमानं उडवणाऱ्या आणि चार्टर करणाऱ्या कंपन्यांत मात्र दोन-अडीच आठवडे सलग बाहेर असता आणि त्या काळात काहीही बदलू शकतं. ग्राहकाचा माल आला नाही, एखाद्या देशाची ओव्हरफ्लाइट परवानगी अडकली, विमान नादुरुस्त झालं की पुढचे सगळे सेक्टर नव्याने लागतात. तिथे एकच कलम बघा: शेवटचा दिवस उलटूनही घरी पोचवलं नाही, तर त्या प्रत्येक दिवसाचे किती पैसे?

थकव्याच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने कमी आहे, आणि हे मला अजिबात पटत नाही. प्रवासी पायलटांसाठी 4 जानेवारी 2014पासून लागू झालेल्या पार्ट 117 या ड्युटी व विश्रांतीच्या नियमांमधून कार्गोला वगळलं आहे. प्रवासी वाहतुकीत दोघांच्या क्रूची फ्लाइट ड्युटी सुरुवातीच्या वेळेनुसार 9 ते 14 तासांत बसवावी लागते. कार्गोत जुन्या सप्लिमेंटल नियमांखाली दोन पायलटांना 24 तासांत 16 तासांपर्यंत ड्युटी चालते. युनियनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बहुधा याहून कडक मर्यादा असतात, पण त्या गृहीत धरू नका. ‘फटीग कॉल’ केला, म्हणजे थकल्यामुळे उडू शकत नाही असं कळवलं, तर त्या ट्रिपचे पैसे मिळतात की सिक लीव्हमधून कापतात, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये पाहा आणि तिथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारा.

लायसन्सचं सोपं आहे. डीजीसीएच्या लायसन्सवर थेट मिळतं ते फक्त प्रायव्हेट सर्टिफिकेट. एअरलाइनसाठी एफएएचं (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं सर्टिफिकेट लागतं: 1500 तास, लेखी परीक्षेआधी एटीपी-सीटीपी कोर्स (30 तास वर्ग, 10 तास सिम्युलेटर) आणि मग चेकराइड (प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा). ग्रीन कार्ड असलं तरी तुम्ही नागरिक नाही, त्यामुळे प्रशिक्षणाआधी टीएसएची (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था) मंजुरी घ्यावी लागते. तिचा अर्ज लवकर टाका.

सीनियॉरिटी लिस्टवर तुम्ही तळाशी असाल, म्हणजे सुरुवातीला रिझर्व्ह. शॉर्ट कॉलवर दोन-एक तासांत हजर व्हावं लागतं, लाँग कॉलवर साधारण बारा तास मिळतात. कंपनी कोणता रिझर्व्ह जास्त देते आणि नव्यांना कोणता बेस मिळतोय, हे कळेपर्यंत घर भाड्यानेच घ्या, आणि भाडेकरार सहा महिन्यांपेक्षा लांब करू नका.