'मिरर'ला आरसा म्हणावं का?

प्रश्न असा आहे : लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमध्ये (सॉफ्टवेअर उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'मिरर साइट', म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्याची प्रत ठेवणारी साइट, निवडावी लागते. मराठी मार्गदर्शिकेत तिला 'आरसा-स्थळ' म्हणावं की 'प्रतिबिंब-स्थळ'? आणि 'बेस यूआरएल'ला, म्हणजे त्या साइटच्या ज्या पत्त्याला पुढे फाइलींचे पत्ते जोडले जातात त्याला, 'मूळ पत्ता' चालेल का?

दुसऱ्या प्रश्नात जास्त गोम आहे, म्हणून तो आधी. 'मूळ पत्ता' अजिबात नको. वाचणाऱ्याला वाटेल, सगळ्या प्रती जिथून निघाल्या ते अस्सल ठिकाण. इथे तर बहुतेक वेळा आपण प्रत जिथे ठेवली आहे तिथला पत्ता देत असतो. अर्थच उलटा होतो.

हा पत्ता नेमकं काय काम करतो ते डेबियन या लिनक्सच्या प्रकारात चांगलं दिसतं. तिथे सोर्सेस.लिस्ट या फाइलीत एक ओळ असते (नागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन) : डेब, मग एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन, मग आवृत्तीचं नाव बुकवर्म, मग साठ्यातल्या विभागाचं नाव मेन. या पत्त्यापुढे ॲप्ट (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) स्वतःच 'डिस्ट्स' जोडतं, त्यापुढे बुकवर्म, आणि तिथली 'इनरिलीज' फाइल आणतं. मग मेनमधल्या बायनरी-एएमडी६४ या फोल्डरातली 'पॅकेजेस' ही यादी. यादीत हॅलो नावाच्या पॅकेजखाली 'फाइलनेम' असं लिहून पूल/मेन/एच/हॅलो/ असा सुरू होणारा अर्धाच पत्ता दिलेला असतो. तो ओळीतल्या पत्त्याला जोडला की झाला डाउनलोडचा पूर्ण पत्ता. गंमत म्हणजे या पूर्ण पत्त्यात बुकवर्म कुठेच नसतं! मिरर बदलला की फक्त सुरुवातीचा तुकडा बदलतो, शेवटचा तसाच राहतो. कुणी 'डिस्ट्स'पर्यंतचा पत्ता चिकटवला तर ॲप्ट आणखी एक 'डिस्ट्स' लावतं आणि ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही' हा संदेश, घेऊन परत येतं.

म्हणून मी सरळ 'मिररचा पत्ता' आणि 'फाइलचा पत्ता' अशी जोडी वापरेन. आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरला मात्र ती पुरत नाही. तिथे सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी $रेपो/ओएस/$आर्च असतं आणि डॉलरवाल्या जागा पॅकमन भरतो. त्याला 'पत्त्याचा साचा' म्हणावं. फ्रीबीएसडी या लिनक्सबाहेरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'पोर्ट्स'मध्ये (सॉफ्टवेअर बसवण्याच्या तिथल्या यंत्रणेत) आणखी वेगळं : 'मास्टर साइट्स'पुढे नुसतं 'जीएनयू' लिहिलं तरी चालतं, त्याचे पूर्ण पत्ते पोर्ट्सची यंत्रणा तयार करते.

आता आरसा. समोरचं हललं की आरशातलं त्याच क्षणी हलतं. डेबियनचा मुख्य साठा दिवसातून ४ वेळा अद्ययावत होतो, मिरर त्यानंतर तो उतरवून घेतात, तोवर त्यांच्याकडे जुनाच माल. 'प्रतिबिंब'चीही तीच अडचण. 'नकल'ला नकलीपणाचा वास येतो. 'प्रत' उत्तम, आणि तीही साक्षांकित प्रत : इनरिलीजवर डेबियनची डिजिटल स्वाक्षरी असते, त्या फाइलीत यादीचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा), यादीत पॅकेजचा. त्यामुळे मिरर चालवणाऱ्यावर डोळे झाकून विश्वास टाकावा लागत नाही.

तरी मार्गदर्शिकेत मी 'मिरर'च ठेवेन, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे प्रतस्थळ' एवढं लिहून. बोलताना सगळे 'मिरर बदलून बघ' असंच म्हणतात. लिंगाचं तेवढं सांभाळा : मिरर बदलला, मिरर साइट बदलली.