स्पॅनिशमधलं 'नकोस': शेपूट उलटी लावायची

साताऱ्यात बसून स्पॅनिश शिकतोयस, तर कास पठारावरच्या 'फुले तोडू नका'पासूनच सुरुवात कर. कोर्तार म्हणजे कापणे, तोडणे. वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घे: कोर्तो. शेवटचा ओ काढ आणि शेपूट उलटी लाव. म्हणजे शेवटी आर असलेल्या (कोर्तारसारख्या) क्रियापदाला ए, शेवटी एर किंवा ईर असलेल्यांना आ. 'तू'साठी त्यापुढे स. नो कोर्तेस लास फ्लोरेस, फुलं तोडू नकोस. अनेकांना सांगायचं तर नो कोर्तेन. कोमेर (खाणे) चं होतं नो कोमास. एकालाच आदराने म्हणताना फक्त स गळतो: नो कोमा.

आपल्याकडचे नवखे हमखास 'नो कोर्तास' म्हणून मोकळे होतात. वाक्य शुद्ध आहे, पण अर्थ 'तू तोडत नाहीस'. आज्ञा गायब!

दुसरी खोड मराठीची. आपलं नकोस मागून येतं, त्यांचं नो आधी. सर्वनाम नो आणि क्रियापद यांच्या मध्ये बसतं. समोर कंदी पेढा आहे: नो लो कोमास, तो खाऊ नकोस. 'खा' म्हणताना मात्र तेच लो मागे चिकटतं, कोमेलो.

लिहिताना तोकार (हात लावणे) जपून. नो तोकेस लिहिताना सी काढून क्यू-यू घालायचं, कारण ए-आधी सीचा उच्चार क राहत नाही. तसंच येगार (पोहोचणे): नो येगेसमध्ये जीनंतर यू. बोलताना काहीच बदलत नाही, म्हणून हे वहीत लिहूनच घोट.