फोटोत मी आईसारखी दिसते

"पन्नाशीनंतर स्वतःचे फोटो बघवत नाहीत," ही तक्रार घेऊन बऱ्याच जणी माझ्याकडे येतात. त्यातल्या एकीचा हा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बाई ५४ वर्षांच्या. मुलीच्या साखरपुड्यातले स्वतःचे सगळे फोटो त्यांनी मोबाइलमधून काढून टाकले होते. लग्न तोंडावर आलेलं, आणि फोटोच्या वेळी काय निमित्त काढून सटकायचं, हाच विचार डोक्यात. "मॅडम, फोटोत मी नाहीच हो. आमची आई बसलीय."

"छान दिसतेस गं" असं घरचे म्हणतच होते. त्याने धीर येत नाही. आपलं कुणी ऐकून घेत नाही, एवढंच वाटतं. म्हणून मी आईबद्दल विचारलं. आई ५७व्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेली, शेवटी चेहरा सुजलेला. स्वतःच्या डोळ्यांखालच्या फुगवट्यात यांना तो आजार दिसत होता. सुरकुत्यांचं दुःख त्यामानाने किरकोळ होतं. रक्त-लघवीची तपासणी त्यांनी भीतीपोटी टाळली होती. ती आधी करून घ्यायला लावली. निकाल व्यवस्थित आले.

मग मी त्यांना ॲन नॉगलचे फोटो दाखवले. दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवलेली ही अमेरिकन बाई पुढे छायाचित्रकार झाली. १९७५ साली चेहरा तरुण दिसावा म्हणून शस्त्रक्रिया (फेसलिफ्ट) करून घेतल्यावर तिने त्या ताज्या शस्त्रक्रियेच्या खुणा असलेल्या चेहऱ्याचे स्वतःच फोटो काढले. "अगं बाई, तोंडात फूल धरलंय!" त्या म्हणाल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

त्यांना काम दिलं: फोन कपाटावर उभा करायचा, टायमर लावायचा, पाचेक फूट लांब थांबून रोज एक फोटो, आणि पुढच्या भेटीपर्यंत एकही पुसायचा नाही. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक उगाच मोठं दिसतं, म्हणून हे अंतर. शिवाय आपल्याला सवय आरशातल्या उलट्या चेहऱ्याची, त्यामुळे फोटोतला सुलटा चेहरा आधीच परका वाटतो.

पुढच्या भेटीत त्यांनी एक फोटो पुढे केला. फोन घसरतोय, त्या चिडून हात पुढे करतायत, चष्मा नाकावर आलेला. "म्हातारी दिसतेय. पण ही चिडकी मीच. आई कधी चिडायचीच नाही."

लग्नातले फोटो त्यांनी ठेवलेत. हनुवटी अजून आवडत नाही म्हणतात, आणि त्याबद्दल माझा काही आग्रह नाही. मात्र एखादी बाई घराबाहेर पडणंच टाळू लागली, तासन्‌तास आरशात एकच दोष तपासू लागली किंवा तिची झोप-भूक उडाली, तर हा फोटोंचा उपाय मी सुचवत नाही. तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.