टप तिरका बसतोय? आधी हाताने हलवून बघा

प्रश्न: माझ्या जुन्या कन्व्हर्टिबल गाडीचा कापडी टप बटण दाबलं की वर येतो पण डावी बाजू मागे राहते, पुढच्या काचेच्या फ्रेमवर येईपर्यंत टप तिरका झालेला असतो आणि डाव्या लॅचचा हुक लागतच नाही, मग मी हाताने ओढून लावतो. गॅरेजवाला म्हणतो पंप बदला. बदलू का?

उत्तर: थांबा, इतक्यात पैसे घालवू नका. बहुतेक हायड्रॉलिक (म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) टपात पंप एकच असतो आणि तोच दोन्ही बाजूच्या, दांड्याने टप ढकलणाऱ्या सिलिंडरना ऑइल पुरवतो, मोटर एका दिशेने फिरली की टप वर, उलट फिरली की खाली. पंप कमजोर असता तर दोन्ही बाजू सारख्याच रडल्या असत्या. एकच बाजू मागे राहते म्हणजे दोष त्याच बाजूला आहे, सांधा जाम असेल, सिलिंडरचं सील आतून गेलं असेल नाहीतर पाइप कुठेतरी दबला असेल. ऑइल आधी सोप्या वाटेने जातं, त्यामुळे हलकी बाजू पुढे पळते आणि जड बाजू मागे राहते.

हे ओळखायचं कसं? दोघं जण मिळून टप अर्ध्यावर आणा, खालून पक्का आधार द्या आणि दोन्ही सिलिंडरच्या दांड्यांच्या पिना काढा. इथे खरंच जपा, पिना निघाल्या की टपाचं सगळं वजन तुमच्या हातावर येतं आणि सांध्यात बोट सापडलं तर काही खरं नाही. आता टप हाताने वर-खाली करून बघा. डावीकडे अडतोय? मग सांध्यांतलं वाळकं ग्रीस, गंज, झिजलेले वॉशर, वाकलेली पट्टी शोधा, साफ करा, थोडं ऑइल द्या (कापडाला लागू देऊ नका, डाग जात नाही). लोण्यासारखा हलतोय? मग संशय सिलिंडरवर, दांडा ओला दिसला तर विषयच संपला, पण सील आतल्या आत गळत असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. सिलिंडर बदलायचाच असेल तर जोडीने बदला, एक नवा एक जुना ठेवलात तर परत तिरकेपणा यायची शक्यता राहते.

अलाइनमेंटला हात घालायचा तो टप मोकळा हलायला लागल्यावरच. लोक नेमकं उलटं करतात, लॅचचा हुक फिरवून फिरवून घट्ट करतात आणि तिरका टप जबरदस्तीने खाली दाबतात, त्यात फ्रेम वाकते, रबर चेपतं आणि मूळ दोष तसाच. आधी दरवाजे बॉडीत नीट बसतात का बघा, मग टपाची फ्रेम, आणि दाराच्या काचा सगळ्यात शेवटी. काचा पूर्ण खाली करून ठेवा. बोल्ट सैल करायच्या आधी प्रत्येक ब्रॅकेटच्या कडेने मार्करने रेघ मारा, नाहीतर मूळ जागा कुठे होती तेच कळणार नाही. मग टप हळू पुढच्या काचेच्या फ्रेमवर आणत पुढची गाइड पिन (टप जागेवर बसवणारी खुंटी) भोकात सरळ उतरते का बघा. बाजूला घासत असेल तर बॉडीवरचं मुख्य ब्रॅकेट थोडंसंच सरकवा, एखाद मिलिमीटर, कारण फ्रेम लांब असल्याने मागे केलेला छोटा बदल पुढे मोठा होऊन दिसतो. दाराच्या वर येणारी टपाची बाजूची पट्टी सांध्यात खचलेली किंवा उचललेली दिसली तर ते ब्रॅकेटचं काम नाही, बऱ्याच गाड्यांत त्यासाठी कंट्रोल लिंकची (टपाच्या सांध्याला जोडलेल्या दांडीची) वेगळी ॲडजस्टमेंट असते. टपाच्या कामात हुक शेवटी.

प्रश्न: पंप फिरल्याचा आवाज येतो पण टप जागचा हलत नाही.

उत्तर: टप कधी हाताने बंद केला होता का? तसं करता यावं म्हणून कित्येक पंपांवर बायपास व्हॉल्व्ह असतो, तो उघडाच राहिला की ऑइल आतल्या आत फिरत राहतं. तो बंद असेल तर पंपाच्या टाकीतली ऑइल लेव्हल बघा. आणि दोन्ही बाजू सारख्याच हळू चालत असतील तर पंपाच्या टर्मिनलवर, बटण दाबून धरलेलं असताना, व्होल्टेज मोजा, बॅटरी ठणठणीत असून तिथे 9-10 व्होल्टच मिळत असतील तर वायर, रिले किंवा अर्थिंग खराब आहे.

प्रश्न: ऑइल कोणतं टाकू? घरात ब्रेक ऑइल पडलंय.

उत्तर: मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत खरंच ब्रेक ऑइल चालायचं, पुढे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आलं, आणि बऱ्याच युरोपियन गाड्यांना वेगळं हायड्रॉलिक ऑइल लागतं. चुकीचं टाकलं तर सीलची रबरं फुगतात, वर ब्रेक ऑइल सांडलं तर रंगही उडवतं. लेव्हल बघताना टप वर हवा की खाली तेही मॅन्युअलमध्येच बघा, कारण दांडा आत असताना सिलिंडरमध्ये ऑइल कमी मावतं आणि उरलेलं टाकीत परत येतं, चुकीच्या वेळी काठोकाठ भरलंत तर पुढच्या वेळी ते बाहेर येईल.